आप्पांचं हिमोग्लोबिन १८.९ आणि अंघोळीनंतर अंगभर खाज : पुढं कुठल्या तपासण्या करायच्या?

होटगीरोडकर

नमस्कार मंडळी. आप्पा म्हणजे माझे वडील, वय ६३. उभं आयुष्य यंत्रमागावर टॉवेल विणण्यात गेलं, आता घरीच असतात. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी रक्त तपासायला सांगितलं होतं. रिपोर्ट असा आला: हिमोग्लोबिन १८.९, हिमॅटोक्रिट (रक्तातला लाल पेशींचा वाटा) ५७ टक्के, पांढऱ्या पेशी १४,२००, प्लेटलेट ६ लाख ८० हजार. डोळ्याच्या डॉक्टरांनी ऑपरेशन पुढं ढकललं आणि चिठ्ठीवर 'रक्तविकारतज्ज्ञांना दाखवा' एवढंच लिहून दिलं.

घरी आधी सगळ्यांना बरंच वाटलं. अंगात रक्त भरपूर आहे, माणूस ठणठणीत आहे, असं आई म्हणाली. मग मी रात्री मोबाइलवर शोधत बसलो, तर जिकडं तिकडं 'ब्लड कॅन्सर' हाच शब्द. तेव्हापासून झोप लागेना.

आता मागचं आठवतंय ते सांगतो. वर्षभर झालं असेल, अंघोळ करून आले की आप्पांच्या पाठीला, दंडाला, मांड्यांना खाज सुटते. पुरळ नाही, गांधी नाहीत, कातडी साफ. पंचाने पुसलं की जास्तच. साबण बदलून झाला, पाण्यात कडुलिंबाचा पाला टाकून झाला. चेहरा लालबुंद असतो, डोकं जड राहतं. जो तो म्हणतो, उष्णता आहे, सोलापूरचं ऊन आहे. बिडी-सिगारेट नाही, तंबाखू मळून खातात. हा कॅन्सरच आहे का? कुठली तपासणी आधी करू? पुण्याला न्यावं लागेल का? कुणाला अनुभव असेल तर कृपया सांगा.

सूक्ष्मदर्शी

दादा, मी पॅथॉलॉजिस्ट आहे, रोज हेच रिपोर्ट पाहते. इथून निदान करता येणार नाही आणि करूही नये. पण हा रिपोर्ट कसा वाचायचा ते सांगते.

आधी घरातले जुने रिपोर्ट शोधा. शुगरचा असो, कधी ताप आला तेव्हाचा असो, सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी) असेल तो प्रत्येक कागद काढा आणि तारखेप्रमाणे लावा. दीर्घकाळ चालणारे रक्ताचे आणि अस्थिमज्जेचे कॅन्सर बहुतेक वेळा आधी सीबीसीतच दिसतात, कधी कधी काही वर्षं आधी. रिपोर्ट पाहिला जातो, 'थोडं वाढलंय' म्हणून घडी घालून ठेवला जातो. एकदा वाढलेला आकडा फारसं सांगत नाही. वाढून तसाच राहिलेला किंवा चढत गेलेला आकडा मात्र बोलतो.

दुसरं, हिमोग्लोबिन वाढायला साधी कारणंही असतात. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ वर असताना दिवसभर घाम गाळलेल्या माणसाच्या रक्तातलं पाणी कमी होतं आणि हिमोग्लोबिन फुगलेलं दिसतं. पाणी पिऊन, विश्रांती घेऊन परत तपासलं की उतरतं. धूम्रपान, फुप्फुसाचा जुना आजार, झोपेत घोरताना श्वास अडकणं, यांतही शरीराला ऑक्सिजन कमी पडतो म्हणून लाल पेशी वाढतात. पण या कारणांनी प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी सहसा बरोबरीनं चढत नाहीत. तुमच्या आप्पांच्या तिन्ही ओळी एकदम वर आहेत, आणि अंघोळीनंतर पुरळ नसताना खाज आहे. हे सगळं एकत्र पाहिलं की पॉलिसायथेमिया व्हेरा नावाच्या आजाराची शंका घ्यावीच लागते.

हा आजार अस्थिमज्जेतल्या एका मूळ पेशीत होणाऱ्या बदलामुळं होतो. जॅक-टू नावाच्या जनुकात एका ठिकाणी बदल होतो, त्याला व्ही६१७एफ म्हणतात. २००५ मध्ये तो सापडला आणि या आजारांचं निदानच बदलून गेलं. तुमच्या आप्पांना कळेल असं सांगते: मागावर आडवा धागा तुटला की माग आपोआप थांबतो. ती थांबवणारी कळच बिघडली तर माग चालूच राहतो. एरवी मूत्रपिंडातून एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक आलं तरच मज्जा लाल पेशी वाढवते. इथं निरोप आला नाही तरी काम चालूच.

तेव्हा मागायच्या तपासण्या: सीबीसी परत, सोबत रक्ताची स्लाइड डोळ्यांनी पाहून दिलेला अभिप्राय, जॅक-टू व्ही६१७एफ, रक्तातलं एरिथ्रोपोएटिन, फेरिटिन (शरीरात साठलेल्या लोहाचं माप), पोटाची सोनोग्राफी. जॅक-टूसाठी हाताच्या शिरेतलं रक्त पुरतं. सोलापुरातल्या लॅब नमुना घेऊन पुढं मुंबई-पुण्याला पाठवतात, त्यासाठी पेशंटला घेऊन जायची गरज नाही. या आजारात १०० पैकी ९५ हून जास्त लोकांत हा बदल सापडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या निकषांत पुरुषांसाठी हिमोग्लोबिन १६.५ च्या वर किंवा हिमॅटोक्रिट ४९ च्या वर, बायकांसाठी १६ आणि ४८, ही शंका घ्यायची रेषा आहे. त्याच्या जोडीला मज्जेची तपासणी, जॅक-टू आणि कमी एरिथ्रोपोएटिन.

घाबरून रात्रीत पुण्याला पळायची वेळ नाही, पण महिनाभर टाळायचीही नाही. कारण दाट रक्त गुठळी करतं. एका बाजूचा हातपाय लुळा पडणं, बोलताना जीभ अडखळणं, छातीत दुखणं, एका पायाला अचानक सूज, असं काही झालं तर सरळ तातडीच्या विभागात.

नवीपेठ_वहिनी

आमच्या ह्यांचं हिमोग्लोबिन १७.१ आहे, दिवसाला पाकीटभर सिगारेट. आता मला पण भीती वाटायली.

सूक्ष्मदर्शी

वहिनी, प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी किती आहेत? त्या ठीक असतील तर आधी संशय सिगारेटवर. धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला चिकटून बसतो आणि शरीर भरपाई म्हणून लाल पेशी वाढवतं. तरी १६.५ ची रेषा ओलांडलीय, म्हणून फिजिशियनना दाखवा. सिगारेट सोडून काही महिन्यांनी परत बघा, पण डॉक्टरांच्या नजरेखाली.

बाळीवेसकर

होटगीरोडकर दादा, धीर सोडू नका. मी सीएमएलचा पेशंट आहे, म्हणजे क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया. हाही त्याच घरातला आजार, फक्त यात पांढऱ्या पेशींचा पूर येतो.

माझी सुरुवात पोटानं झाली. जेवायला बसलो की अर्ध्या भाकरीत पोट गच्च. डाव्या बरगडीखाली हात लावला की टणक लागायचं. सगळे गॅस म्हणायचे, ॲसिडिटीच्या गोळ्या चालू होत्या. वजन उतरलं, रात्री बनियन घामानं भिजायचं. एका डॉक्टरांनी पोटाला हात लावला आणि तिथंच म्हणाले, ही पानथरी (प्लीहा) आहे, आज रक्त द्या. पांढऱ्या पेशी १ लाख ८६ हजार. स्लाइडवर तयार पेशींपासून कोवळ्या पेशींपर्यंत सगळ्या पिढ्या एकत्र दिसत होत्या, बेसोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी वाढलेल्या.

मग बीसीआर-एबीएल तपासणी. ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होतात आणि त्यातून एक नवंच, सतत चालू राहणारं जनुक तयार होतं. ते आखूड झालेलं २२ नंबरचं गुणसूत्र १९६० मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियात दिसलं, म्हणून त्याला फिलाडेल्फिया क्रोमोसोम म्हणतात. ही अदलाबदल आहे हे जॅनेट राउली या बाईंनी १९७३ मध्ये दाखवून दिलं. आणि त्या एका बिघाडावर नेम धरणारी इमॅटिनिब ही गोळी २००१ मध्ये आली. त्याआधी या आजारात मुख्यतः बोनमॅरो म्हणजे अस्थिमज्जा बदलणं किंवा इंटरफेरॉनची इंजेक्शनं, हेच हातात होतं.

हे सगळं मी एवढ्या प्रेमानं का सांगतोय, तर त्या गोळीवर मी आज जिवंत आहे. रोज ४०० मिलिग्रॅम, जेवणाबरोबर, मोठा ग्लास पाणी. डोळ्यांखाली सूज येते, पोटऱ्यांत गोळे येतात, सुरुवातीला मळमळ व्हायची. चादरीच्या दुकानात कामाला जातो, गड्ड्याच्या यात्रेत पोरांना घेऊन फिरतो. १ एप्रिल २०१३ ला सुप्रीम कोर्टानं या औषधाच्या पेटंटचा अर्ज फेटाळला. तेव्हा कंपनीच्या ब्रँडला महिन्याला लाखाच्या वर लागत आणि इथल्या जेनेरिकला आठ-दहा हजार. त्या निकालाचा अर्थ माझ्यासारख्याच्या घरात काय आहे ते पगाराच्या दिवशी कळतं.

एक कळकळीची विनंती, सीएमएलवाल्यांनी वाचा. आकडे नॉर्मल झाले म्हणून गोळी बंद करू नका. सीबीसी महिन्या-दोन महिन्यांत नॉर्मल होतो, पण आजार तेवढ्यानं जात नाही. बीसीआर-एबीएलची मोजणी ३ महिन्यांनी १० टक्क्यांच्या खाली, ६ महिन्यांनी १ च्या खाली, वर्षाला ०.१ वर किंवा खाली यायला हवी. माझ्याबरोबर ओपीडीत बसणारा एक तरुण पोरगा बरं वाटतंय म्हणून गोळ्या सोडून गेला. परत आला तेव्हा आजार तीव्र अवस्थेत गेलेला. त्याचं पुढं काय झालं ते इथं लिहवत नाही. काही जणांची गोळी अनेक वर्षांनी थांबवतातही, पण ती डॉक्टर थांबवतात, दर महिन्याची मोजणी ठेवून.

देगावचा_शेतकरी

आमच्याकडं एकाचं रक्त वाढलं होतं, रक्तदान करत राहा म्हणून सांगितलेलं. गुळवेल आणि पपईच्या पानांचा रस पण देतात. आप्पांना करून बघायला काय हरकत आहे?

सूक्ष्मदर्शी

हरकत आहे, म्हणून लगेच लिहिते. पपईचा पाला लोक डेंगीत प्लेटलेट वाढाव्यात म्हणून घेतात. इथं प्लेटलेट आधीच जास्त आहेत. आणि कुठलाही काढा पोटात असताना पुढं लिव्हरचे आकडे बिघडले तर दोष औषधाचा की काढ्याचा, हे कुणालाच सांगता येत नाही.

रक्त काढणं हा पॉलिसायथेमियाचा खराच उपचार आहे, पण तो रक्तदान शिबिरात होत नाही. असा आजार असलेल्याचं रक्त दुसऱ्याला चढवत नाहीत, रक्तपेढीच्या नियमात तो दाता कायमचा बाद. हे रक्त दवाखान्यात मोजून काढतात आणि टाकून देतात. वय जास्त असेल, हृदयाचा त्रास असेल तर एका वेळी कमी काढतात. हिमॅटोक्रिट ४५ च्या खाली ठेवायचं असतं. २०१३ मध्ये एका मोठ्या अभ्यासात दिसलं की ४५ च्या खाली असलेल्यांना हृदयविकाराचा आणि गुठळ्यांचा धोका ४५ ते ५० मध्ये ठेवलेल्यांपेक्षा बराच कमी होता.

आणखी एक. रक्त काढत गेलं की शरीरातलं लोह कमी होतं, रिपोर्टात फेरिटिन लाल अक्षरात येतं. ते पाहून कुणी लोहाच्या गोळ्या सुरू करून देतं. रक्तविकारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय त्या घेऊ नका, लोह मिळालं की लाल पेशी परत उसळतात. ॲस्पिरिनही स्वतःच्या मनानं नको. प्लेटलेट १० लाखांच्या वर गेल्या असतील तर उलट रक्तस्राव होऊ शकतो.

शेळगीची_लेक

धाग्याचा विषय थोडा बाजूला नेते, पण हे इथं असायला पाहिजे. माझी आई बिड्या वळायची. दिवसभर सूप मांडीवर घेऊन वाकून बसायचं काम. कंबर दुखायला लागली तेव्हा कुणालाच त्यात विशेष वाटलं नाही, तिला स्वतःलाही नाही. तिच्या बरोबरच्या सगळ्याच बायकांची कंबर दुखते. पट्टा झाला, शेक झाला, दुखायच्या गोळ्या तर बरेच महिने चालू होत्या.

मग ती पायरी चढताना धापा टाकायला लागली. हिमोग्लोबिन ७.८. लोहाच्या गोळ्या दिल्या, फरक शून्य. ईएसआर १२० च्या वर, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा आकडा) २.४. एका फिजिशियन मॅडमनी रिपोर्ट पुढं ठेवला आणि दोन आकड्यांखाली पेननं रेघ मारली: एकूण प्रथिनं १०.२, अल्ब्युमिन २.८. मला म्हणाल्या, या दोन्हींत एवढी फट नसते, मधलं प्रथिन कुठून येतंय ते शोधायला पाहिजे. सीरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस केलं, म्हणजे रक्तातली प्रथिनं वेगळी करून पाहिली, त्यात एम-बँड म्हणजे एकाच प्रकारच्या प्रथिनाचा पट्टा आला. एक्स-रेत मणक्यात आणि कवटीत गोल पोकळ्या. बोनमॅरोत प्लाझ्मा पेशी १० टक्क्यांच्या कितीतरी वर. मल्टिपल मायलोमा, म्हणजे याच प्लाझ्मा पेशींचा कॅन्सर.

मायलोमात चार गोष्टी पाहतात: रक्तातलं कॅल्शियम वाढणं, मूत्रपिंड बिघडणं, रक्त कमी होणं, हाडं पोखरणं. आईला यातल्या तीन होत्या आणि प्रत्येकीवर वेगळ्या ठिकाणी वेगळा उपचार चालला होता. दुखायच्या गोळ्यांनी मूत्रपिंडाचं आणखी नुकसान होतं हेही नंतर कळलं. सध्या आठवड्याला पोटावर बोर्टेझोमिबचं इंजेक्शन, सोबत गोळ्या. क्रिएटिनिन उतरलं, डायलिसिसची वेळ आली नाही. आता ती भिंतीला न धरता चालते.

पन्नाशी ओलांडलेल्या माणसाची कंबर महिनोन्‌महिने दुखतेय आणि सोबत हिमोग्लोबिन कमी किंवा क्रिएटिनिन जास्त आहे, तर इलेक्ट्रोफोरेसिस करून घ्या. आपल्या शहरात बिडीवाल्या बायका हजारोंनी आहेत. त्यांच्या कंबरदुखीकडं कुणी बघतच नाही, याचा मला फार त्रास होतो.

होटगीरोडकर

सगळ्यांचे मनापासून आभार. जॅक-टूचं रक्त देऊन आलो. जुने रिपोर्टही सापडले: चार वर्षांपूर्वी हिमोग्लोबिन १६.८, प्लेटलेट ४ लाख ९० हजार. पुढच्यात १७.६. सूक्ष्मदर्शी ताई म्हणाल्या तसं, चढतच गेलंय. आता डॉक्टर बोनमॅरो करू म्हणतायत. आप्पा म्हणतात मणक्यातलं पाणी काढलं की माणूस अधू होतो, मी नाही करणार. कसं समजावू?

सिव्हिल_लाइन्स_सिस्टर

भाऊ, मी या तपासणीला पेशंटजवळ उभी राहते, आप्पांना हे वाचून दाखवा.

आप्पा, हे मणक्यातलं पाणी नाही. मणक्याला सुई लागतच नाही. कमरेच्या मागं, खाली, पँटच्या पट्ट्याच्या जरा खाली दोन्ही बाजूंना हाडाचा उंचवटा हाताला लागतो. ते माकडहाडाच्या बाजूचं नितंबाचं हाड. कुशीवर किंवा पालथं झोपवतात, जागा औषधानं पुसतात, भुलीचं इंजेक्शन देतात. ते दोन मिनिटं चुरचुरतं. मग सुई हाडात जाताना दाब कळतो, दुखत नाही फारसं. सिरिंजनं मज्जा ओढतात त्या क्षणी मात्र मांडीपर्यंत एक विचित्र ओढ जाते. ती पाच-दहा सेकंद. मी पेशंटला आधी सांगते, आता ओढ लागेल, श्वास सोडा. सांगितलेलं असलं की माणूस दचकत नाही.

ओढलेलं रक्त टेक्निशियन तिथंच काचेवर घेतो, काच तिरपी धरतो, रक्त खाली वाहतं आणि वर बारीक रव्याएवढे कण उरतात. ते कण म्हणजे मज्जा. ते दिसले की त्याचा चेहरा खुलतो. त्यानंतर दुसऱ्या जाड सुईनं हाडाचा दीड-दोन सेंटिमीटरचा तुकडा काढून फॉर्मेलिनच्या बाटलीत टाकतात. पट्टी लावतात, तासभर त्या जागेवर उताणं झोपवतात आणि घरी सोडतात. दुसऱ्या दिवशी पडल्यासारखं ठणकतं. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगायचं. पट्टी एक दिवस भिजवायची नाही. अधू झालेला माणूस मी एकही पाहिलेला नाही.

सूक्ष्मदर्शी

सिस्टर, फार छान लिहिलंत. त्या तुकड्याचा रिपोर्ट उशिरा का येतो तेही सांगते, नातेवाईक चिडतात म्हणून. हाड कठीण असतं, ते आधी आम्लात मऊ करावं लागतं, मग मेणात बसवून कापायचं. त्याला काही दिवस लागतातच. रेटिक्युलिनच्या खास रंगानं मज्जेत तंतूंचं जाळं किती झालंय ते कळतं. मायलोफायब्रोसिस या भावंड आजारात हे जाळं इतकं दाट होतं की सिरिंजमध्ये काहीच येत नाही, तेव्हा तुकडाच निदान करतो. रक्ताच्या स्लाइडवर अश्रूच्या थेंबाच्या आकाराच्या लाल पेशी दिसतात, पानथरी खूप मोठी होते, वजन आणि रक्त घटत जातं.

अक्कलकोट_रोड_९

माझ्या सासऱ्यांच्या लिम्फोसाइट ३८ हजार आहेत. डॉक्टर सीएलएल (क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया) म्हणाले आणि वर म्हणतात औषध नको, तीन महिन्यांनी या. कॅन्सर आहे म्हणायचं आणि औषध द्यायचं नाही, हे कसं? दुसरीकडं न्यावं का?

सूक्ष्मदर्शी

दुसरं मत जरूर घ्या, तो तुमचा हक्क आहे. पण हे डॉक्टर बरोबर असण्याची शक्यता खूप आहे. सीएलएलमध्ये बी प्रकारच्या एकाच वंशाच्या लिम्फोसाइट घनमिलिमीटरला ५,००० च्या वर, तीन महिने टिकून, हे निदानाचं सूत्र. फ्लो सायटोमेट्रीत, म्हणजे पेशींवरच्या खुणा ओळखणाऱ्या तपासणीत, सीडी५, सीडी१९, सीडी२३ हे खुणेचे रेणू दिसतात. लवकर औषध सुरू केल्यानं लक्षणं नसलेल्या पेशंटचं आयुष्य वाढत नाही, हे अनेक वर्षांच्या अभ्यासातून कळलंय. नुसता आकडा मोठा म्हणून औषध देत नाहीत. हिमोग्लोबिन किंवा प्लेटलेट घसरायला लागल्या, गाठी किंवा पानथरी त्रास देण्याएवढी वाढली, ताप-घाम-वजनघट सुरू झाली, की मग. तोवर न्यूमोनियाची आणि फ्लूची लस घ्या, तापाकडं दुर्लक्ष नको. या पेशंटची प्रतिकारशक्ती कमी असते.

विजापूर_वेस

मला प्लेटलेट ५ लाख ६० हजार आल्यात, हिमोग्लोबिन ९.२. वय ३४. हा धागा वाचून हातपाय गळाले.

सूक्ष्मदर्शी

ताई, श्वास घ्या. तुमच्या वयाच्या बाईला हिमोग्लोबिन ९.२ आणि प्लेटलेट वाढलेल्या, म्हणजे लोहाची कमतरता हे पहिलं कारण. लोह कमी झालं की प्लेटलेट वाढतात. फेरिटिन करा, पाळी जास्त जाते का ते सांगा, औषध पूर्ण घ्या आणि परत मोजा. जंतुसंसर्ग, संधिवात, पूर्वी पानथरी काढलेली असणं, यानंही वाढतात. लोह भरून आल्यावरही ४ लाख ५० हजारांच्या वरच राहिल्या तर जॅक-टू, सीएएलआर, एमपीएल या जनुकांतले बदल बघायचे.

आणि हे उलटंही होतं. लोह कमी असेल तर पॉलिसायथेमिया झाकला जातो, हिमोग्लोबिन नॉर्मल दिसतं. म्हणून मी सीबीसीबरोबर फेरिटिन मागते.

होटगीरोडकर

आप्पांनी बोनमॅरो करून घेतलं. सिस्टरताईंचं लिहिलेलं दोनदा वाचून दाखवलं. बाहेर येऊन म्हणाले, "ओढ लागली बघ, तिनं सांगितल्याएवढीच."

रिपोर्ट: जॅक-टू पॉझिटिव्ह, एरिथ्रोपोएटिन कमी, मज्जेत तिन्ही वंश वाढलेले, जाळं नाही. पॉलिसायथेमिया व्हेरा. वय साठच्या वर म्हणून गुठळीचा धोका जास्त गटात. रक्त काढायला सुरुवात झाली, छोटी ॲस्पिरिन आणि हायड्रॉक्सियुरियाच्या कॅप्सूल. डोकं हलकं झालंय म्हणतात. खाज कमी आहे, गेली नाही. हिमॅटोक्रिट खाली आला की डोळ्याचं ऑपरेशन.

एक प्रश्न आईचा. आप्पांनी मागाआधी तरुणपणी डाईंगमध्ये काम केलं होतं. त्या रंगांनी झालं का? आणि आम्हा भावंडांना तपासायला पाहिजे का?

सूक्ष्मदर्शी

बेंझिन आणि किरणोत्सर्ग यांचा रक्ताच्या काही कॅन्सरशी संबंध पक्का आहे. पण आप्पांच्या बाबतीत रंगानं झालं असं कुणीही ठामपणे सांगू शकणार नाही. आईंनी त्याचं ओझं घेऊ नये. जॅक-टूचा हा बदल आईवडिलांकडून आलेला नसतो, तो नंतर कधीतरी एका पेशीत होतो. त्यामुळं तो मुलांना वारशानं जात नाही, आणि एकाच ताटात जेवल्यानं लागत तर नाहीच. काही मोजक्या घराण्यांत हे आजार जास्त दिसतात, पण लक्षणं नसलेल्या मुलांची जॅक-टू करायची गरज नाही. वर्षातून एकदा सीबीसी पुरे.

आप्पांना पुढं काय, हेही मोकळेपणी सांगते. बहुतेक जण या आजारासह अनेक वर्षं नीट जगतात. काहींना बऱ्याच काळानंतर मायलोफायब्रोसिस होतो, थोड्यांना तीव्र ल्युकेमिया. म्हणून दर काही आठवड्यांचा सीबीसी चुकवायचा नाही.

बाळीवेसकर

खर्चाचं आणि जाण्यायेण्याचं मी सांगतो, यात माझी बरीच वर्षं गेलीत. रेशनकार्ड आणि आधार घेऊन सरकारच्या महात्मा फुले योजनेच्या दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, आधी भेटा. योजनेत नेमका कुठला उपचार बसतो ते तोच सांगेल, आणि भरती व्हायच्या आधी विचारायचं. आपल्या जिल्ह्यात बार्शीला नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आहे. १९८७ पासून बार्शी भागातल्या गावांतली कॅन्सरची नोंद तिथं ठेवतात, देशातली पहिली ग्रामीण नोंदणी ती. रक्ताच्या आजाराची ओपीडी कुठल्या वारी आहे ते फोन करून विचारा आणि मगच निघा. परळच्या टाटाला जायचं तर रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस बरी, सकाळी उतरून सरळ नोंदणीच्या रांगेत.

रेल्वेत कॅन्सर पेशंटला उपचारासाठी जाता-येताना तिकिटात मोठी सवलत आहे, सोबतच्या एकालाही. ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र दवाखान्यातून भरून, शिक्का मारून घ्यायचं. तीव्र ल्युकेमियाच नाही, सीएमएल, मायलोमावाल्यांनीही मागावं. 'क्रॉनिक आहे, कॅन्सर नाही' असं कुणी म्हणालं तर निदानाचा कागद पुढं करा.

शेळगीची_लेक

टाटाला दुसरं मत घ्यायला जाताना बोनमॅरो परत करावं लागतं का? आईला दुसऱ्यांदा सुई टोचायची माझी हिंमत नाही.

सूक्ष्मदर्शी

बहुतेक वेळा नाही. जिथं तपासणी झाली तिथं अर्ज द्या आणि स्लाइड व मेणाचे ब्लॉक मागा, ते पेशंटच्या नावानं मिळतात. रिपोर्टची झेरॉक्स, नमुन्याचा क्रमांक आणि इलेक्ट्रोफोरेसिसचा आलेखही घ्या, नुसता अभिप्राय नको. मायलोमात त्यांना फिश (गुणसूत्रांतले बदल शोधणारी) तपासणी करायची असेल तर मात्र ताजी मज्जा मागू शकतात. तेव्हा निघायच्या आधी विचारून घ्या. स्लाइड जाड कागदात गुंडाळून कडक डबीत ठेवा. आणि ब्लॉक हँडबॅगेतच असू द्या. उन्हात उभ्या गाडीत विसरलात तर मेण मऊ पडतं, आणि आतला तुकडा कापता येत नाही.